नऊशे किलोमीटर आणि अकरा अंडी

मित्रांनो, मी एक जुने डालगे आहे. तुमच्यापैकी अनेकांनी मला कधी पाहिले नसेल, म्हणून आधी माझे रूप सांगते. बांबूच्या कामट्यांची मोठी टोपली पालथी घातली की जशी दिसेल, तसे मी दिसते. कोंबडी आणि तिची पिल्ले माझ्याखाली झाकून ठेवतात. माझ्या अंगाला एकशे बारा भोके आहेत. नांदे गावच्या पिंकीने ती दोनदा मोजली आणि दोन्ही वेळा आकडा सारखाच आला. भोके अशी आहेत, की हवा आणि उजेड आत येतो, पण मुंगसाचे तोंड आत शिरत नाही.

माझा जन्म बावीस वर्षांपूर्वी पौडला झाला. वाल्मीक नावाच्या बुरुडाने मला विणले. तो अमावास्येच्या आसपास बांबू तोडत असे. त्या दिवसांत तोडलेल्या बांबूला कीड लागत नाही, असे त्याचे म्हणणे होते. ते किती खरे, हे मला सांगता येणार नाही. त्याने कामट्या तासल्या, भिजवल्या आणि एका दुपारी मला पूर्ण केले. मग माझ्यावर तळहात ठेवून सगळा भार टाकला. मी कुरकुरले, पण वाकले नाही. त्याच आठवड्याच्या बाजारात नांद्याच्या गोजराबाईंनी पायलीभर आंबेमोहोर तांदूळ देऊन मला घरी आणले.

त्या घरात काळ्या कोंबड्या होत्या. गोजराबाई त्यांचा वंश आज चाळीस वर्षे सांभाळत आल्या आहेत. कोंबडी नेहमी घरचीच. कोंबडा मात्र दर दोन वर्षांनी दुसऱ्या गावाहून आणायचा. "एकाच घरचं रगत नगं," असे त्या म्हणत. शाळेत त्या चौथीपर्यंतच गेल्या होत्या, पण हा नियम त्यांनी कधी मोडला नाही.

मी खूप काम केले. दिवसा अंगणात पिल्लांवर पालथे असे आणि संध्याकाळी चुलीच्या वर खुंटीला टांगलेले असे. एकदा भर दुपारी एक घार माझ्यावर येऊन आदळली. तिची नखे माझ्या दोन भोकांत अडकली. माझ्याखाली नऊ पिल्ले होती आणि नऊच्या नऊ वाचली. गोजराबाईंनी माझ्यावरून हात फिरवला आणि सगळ्यांना सांगितले, "ह्ये डालगं न्हाई, माजा गडी हाय गडी." त्या दिवसाइतके कौतुक माझे नंतर कधी झाले नाही.

पुढे नांदे बदलले. शेताच्या मोठ्या तुकड्यावर इमारती आल्या. गोजराबाईंचा मुलगा किशोर हिंजवडीच्या कंपन्यांकडे आपली सात सीटची गाडी चालवू लागला. घरावर मजला चढला आणि त्यात भाडेकरूंसाठी चार खोल्या निघाल्या. चूल गेली, गॅस आला. चुलीचा धूर मला काळे करत असे, पण त्याच धुराने किडा दूर राहत असे. मित्रांनो, बांबूचा शत्रू अगदी लहान असतो. टाचणीच्या टोकाएवढे भोक पाडून तो आत शिरतो आणि पिवळसर पीठ बाहेर टाकतो. मला गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली टाकले, तेव्हा तो मला भेटला. मी तिथे तीन वर्षे पडून होते. माझ्या तीन कामट्या मोडल्या.

खाली कोंबड्याही कमी होत गेल्या. शेवटी एक कोंबडा आणि काजळी नावाची पाच वर्षांची कोंबडी उरली. कोंबडा पहाटे आरवतो म्हणून वरच्या खोल्यांतून तक्रार आली, आणि किशोरने तो लांबच्या पाहुण्यांना देऊन टाकला. त्याचे पुढे काय झाले, ते माझ्या कानावर आले नाही.

त्याआधी आणि त्यानंतर मिळून काजळीने अठरा दिवसांत अकरा अंडी घातली. कोंबडा गेल्यावरही दोन आठवडे अंड्यांतून पिल्ले निघू शकतात. मग ती खुडूक झाली, म्हणजे अंड्यांवर बसून राहिली, उठेना. गोजराबाईंनी अकराही अंडी तिच्याखाली ठेवली. कोंबडी म्हातारी, कोंबडा गेलेला. पुन्हा अंडी होतील, याची खात्री नव्हती. चाळीस वर्षांचा वंश त्या अकरा अंड्यांत होता.

नेमके त्याच महिन्यात गोंदियाला जायचे ठरले होते. किशोरचा धाकटा भाऊ ऋषिकेश तिथे बँकेत नोकरीला आहे. त्याला दोन वर्षे घरी येता आले नव्हते. मे महिन्याच्या सुट्टीत सगळ्यांनी गाडीने जायचे होते: किशोर, त्याची बायको साधना, मुलगी पिंकी, गोजराबाई आणि भुऱ्या कुत्रा. निघायचा दिवस आला तो अंडी बसवल्याचा अठरावा. पिल्लू निघायला एकवीस दिवस लागतात.

"आई, कोंबडी राहू दे हितंच," किशोर म्हणाला. "दोन आठवड्यांचा तर प्रश्न हाय."

"कुनाकडं ठिवू? वरची पोरं सुट्टीला गेली. शेजारी तीन मांजरं हायेत."

"मग अंडी मोडून टाकू. कोंबडी खुराड्यात ठेवू."

गोजराबाईंनी हातातली परडी खाली ठेवली. "तू पोटात व्हतास, तवा तुज्या बापाला बी मुंबईला जायचं व्हतं. त्यो आसं न्हाई बोलला."

पिंकी खो खो हसली. साधनाने पिशवीची चेन ओढता ओढता म्हटले, "अहो, कुत्रा येतोय ना? मग कोंबडीनं काय घोडं मारलंय? घ्या तिला."

किशोरने एक मोठे खोके आणले, त्याला सुरीने भोके पाडली. काजळीला आत ठेवले, तर ती उभीच राहिली आणि डोके आपटत राहिली. तेव्हा गोजराबाई स्वतः गच्चीवर आल्या. त्यांनी मला टाकीखालून ओढले, उन्हात झटकले आणि पाठीवर थाप दिली. माझ्यातून चिमूटभर पीठ पडले. किशोरने मोडक्या कामट्या वायरी बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळून बांधल्या.

"माज्या डालग्याला गाडीचं पट्टं लावलं ह्या वायरवाल्यानं," गोजराबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज खूश होता.

बांबूच्या पाटीत भाताचा कोंडा पसरला, त्यावर पेंढा, पेंढ्यावर अंडी, अंड्यांवर काजळी आणि सगळ्यांवर मी. मला जुन्या लुगड्याच्या काठाने पाटीला बांधले. गाडीच्या मधल्या सीटवर एका बाजूला गोजराबाई, दुसऱ्या बाजूला पिंकी आणि मध्ये मी. साधनाने मलाही सीटचा पट्टा लावला. बांधण्याआधी गोजराबाईंनी पेंढ्यात एक गोष्ट खुपसली होती. ती नांगराच्या जुन्या फाळाचा तुकडा होती. वीज कडाडली की अंडी नासतात, आणि जवळ लोखंड असले तर नासत नाहीत, असे त्यांच्या सासूने त्यांना सांगितले होते. घरात आल्यापासून मी तो तुकडा पाहत आले होते. त्यामुळे मलाही त्यात काही वावगे वाटले नाही.

पहाटे पाच वाजता आम्ही निघालो. हिंजवडी, चाकण, शिक्रापूर. मी पौड आणि नांदे सोडून कधी कुठे गेले नव्हते. माझ्या भोकांतून झाडे, पंप, टोलनाके एका ओळीत पळताना दिसत होते.

दहा वाजेपर्यंत ऊन चढले आणि गाडीत भांडण सुरू झाले. भुऱ्या जीभ काढून धापा टाकू लागला. किशोरने एसी वाढवला. पिंकीने शाळेच्या प्रयोगाची तापमापी माझ्याजवळ धरली.

"पप्पा, चोवीस झालंय! अंड्यांना साडेसदतीस लागतं."

"आणि भुऱ्याला?"

"त्याला थंडच."

"मग मी काय गाडीत भिंत बांधू का?"

"भिंत नगं," गोजराबाई म्हणाल्या. "त्या कुत्र्याला म्होरं घे, थंड वाऱ्यात. हिकडचा झरोका बंद कर." किशोरने मधल्या सीटकडचा वारा बंद केला. भुऱ्या साधनाच्या पायाशी गेला. माझ्या एका बाजूला पोते लावले, दुसरी बाजू हवेसाठी उघडी ठेवली. काजळीने अंग फुगवले आणि डोळे मिटले. खरे तर अंडी गाडीच्या उष्णतेवर नव्हती, तिच्या उष्णतेवर होती. ती बसून राहणे, एवढेच महत्त्वाचे होते.

अंड्यांवरची कोंबडी दिवसातून एकदा उठते. खाते, पिते, घाण करते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत येते. म्हणून एका ढाब्यावर थांबलो. गोजराबाईंनी तिच्या पायाला दोरी बांधली आणि लिंबाच्या सावलीत दाणे टाकले. बाजेवरचा एक ट्रकवाला मिशीला पीळ देत म्हणाला, "आजी, आणलीच हाय तर द्या की आत. रस्सा झकास व्हईल."

"आदी तुजी मिशी दे. तिची फोडनी करू, मग कोंबडीचं बघू."

बाजेवरचे सगळे हसले. ट्रकवाल्याने मिशीवरचा हात खाली घेतला आणि आतून कोंबडीसाठी मूठभर बाजरी आणून दिली. काजळी बरोबर सतराव्या मिनिटाला परत येऊन बसली. पिंकीने घड्याळ लावले होते.

अपघात त्यानंतर तासाभराने झाला. रस्त्यावरच्या एका गावात गतिरोधक होता आणि त्याला पांढरे पट्टे नव्हते. किशोर चांगला चालक आहे. तरी गाडी उडाली आणि धप्पकन खाली आली. मी पाटीवरून उचलले जाऊन परत बसले. भुऱ्या भुंकला. काजळी ओरडली आणि उभी राहिली. माझ्या आत पेंढ्यातून काहीतरी जड सरकले, आणि मी तो आवाज ऐकला. कोरडा, लहान. लगेच दुसरा. मग तिसरा.

"थांबीव," गोजराबाई म्हणाल्या. "किशोर, गाडी थांबीव."

त्यांनी काठ सोडला, मला उचलले आणि काजळीखाली हात घातला. हात बाहेर आला तेव्हा ओला होता. तीन अंडी फुटली होती. त्यांच्यामध्ये फाळाचा तुकडा पडला होता. अंडी अठरा दिवसांची होती, त्यामुळे आतली पिल्ले जवळजवळ पूर्ण होती. ती हलली नाहीत.

पिंकीने तुकडा उचलला. "आज्जी, हे काय?"

"लोखंड हाय. इजंसाठी."

 फाळाचा तो तुकडा इतकी वर्षे कोंड्यात पडून असे आणि त्याने कधी एका अंड्याला धक्का लावला नव्हता. पण घर जागचे हलत नाही. गाडी हलते. एवढा साधा हिशेब माझ्याही लक्षात आला नव्हता.

किशोरने आईचा चेहरा पाहिला. त्याने बाटली काढून त्यांच्या हातावर पाणी ओतले.

"म्याच मारली," गोजराबाई म्हणाल्या.

"गतिरोधक मला दिसला न्हाई," किशोर म्हणाला. "निम्मं माझं."

साधनाने फुटलेली अंडी कागदात घेतली आणि बांधाच्या कडेला माती उकरून पुरली. पिंकीने उरलेली आठ अंडी कोरड्या फडक्याने हलक्या हाताने पुसली. कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात आणि आतले पिल्लू त्यांतूनच श्वास घेते. त्यांवर बलक वाळला तर ती बुजतात. हे तिने सगळ्यांना सांगितले, पण पाठ म्हटल्यासारखे नव्हे.  या सगळ्यात चाळीस मिनिटे गेली. अंडी हाताला थंड लागू लागली होती. काजळी मात्र बसेना. पाटीच्या कडेला मान ताठ करून उभी राहिली.

"आता?" साधनाने विचारले.

"गप बसा समदी. कुत्र्याला घिऊन खाली उतरा."

सगळे उतरले. गोजराबाईंनी मला परत वर ठेवले आणि पोत्याने तीन बाजू झाकल्या. आत अंधार झाला. मी काजळीच्या पायांची चाळवाचाळव ऐकत राहिले. बराच वेळ गेला. मग पेंढा खसखसला. तिने चोचीने एक अंडे पोटाखाली ओढले, मग दुसरे, आणि बसली.

त्यानंतर किशोर प्रत्येक गतिरोधकावर गाडी जवळजवळ थांबवून पुढे नेत असे. मागचे लोक हॉर्न वाजवत. एकाने काच खाली करून विचारले, "दादा, बैलगाडी आहे का?" किशोरने शांतपणे सांगितले, "अंड्यांवरची, रवणाची कोंबडी हाय आत. फुडं जावा तुमी."

संध्याकाळी जालन्याला मुक्काम केला. लॉजच्या व्यवस्थापकाने भुऱ्याला परवानगी दिली आणि माझ्याकडे बोट दाखवले. "आणि यात?" साधना म्हणाली, "आंबे." तेवढ्यात आतून काजळी कुरकुरली. तो माणूस नोंदवहीत आमची नावे लिहीत राहिला. मग म्हणाला, "आंबे न्हाणीघरात ठेवा वहिनी. गादीवर नको."

दुसऱ्या दिवशी समृद्धी महामार्गाला लागलो. तो रस्ता सपाट होता, मला बरे वाटले. पण दुपारनंतर कारंज्याच्या पुढे आभाळ काळे झाले आणि वीज कडाडली. काचा थरथरल्या.

फाळाचा तुकडा गोजराबाईंनी टाकला नव्हता. तो दाराच्या कप्प्यात होता. त्यांचा हात तिकडे गेला. मी पाहत होते. त्यांची बोटे लोखंडावर टेकली आणि तशीच राहिली. दुसरा गडगडाट झाला. पिंकी आजीकडे बघत होती. सासूचे सांगणे एकीकडे आणि कालचा ओला हात एकीकडे, यांत निवडणे त्या बाईंना किती जड गेले असेल, ते मला अंदाजानेही सांगता येणार नाही. त्यांनी हात काढून घेतला. मग दोन्ही हात माझ्यावर पसरून ठेवले आणि कडकडाट थांबेपर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धा तास, उचलले नाहीत.

गोंदियाला पोहोचलो. ऋषिकेशने आईला वाकून नमस्कार केला आणि विचारले, "आई, माझ्यासाठी काय आणलंस?"

"आट अंडी. पन खायाची न्हाईत."

एकविसावा दिवस उजाडला आणि मावळला. अंड्यांतून काहीच ऐकू आले नाही. गोजराबाई दिवसभर माझ्याजवळ बसल्या होत्या. त्यांना जेवण गेले नाही. बाविसाव्या दिवशी सकाळी ऋषिकेश म्हणाला, "आई, तलाव बघायला जायचंय सगळ्यांना. चल की तूपण."

"तुमी जावा."

कोणीच गेले नाही. किशोर पायऱ्यांवर उगाच गाडीची चावी फिरवत बसला. पिंकी माझ्या भोकाला कान लावून होती. चाळीस मिनिटांहून अधिक वेळ अंडी उबेविना राहिली होती. थंड पडलेल्या अंड्यातले पिल्लू उशिरा निघू शकते, असे तिने वाचले होते. पण निघतेच, असे काही तिने वाचले नव्हते.

अकरा वाजून वीस मिनिटांनी मी पहिला टकटक आवाज ऐकला. पिंकीने ऐकला त्याच्या आधी. मला तिला सांगता आले नाही, एवढेच दुःख.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सहा पिल्ले निघाली. सगळी काळी. दोन अंडी तशीच राहिली.

"ही कशानं ऱ्हायली गं?" गोजराबाईंनी नातीला विचारले. "इजंनं?"

पिंकीने विचार केला. "मला माहीत नाही, आज्जी. थंड पडली म्हणून असेल. गाडी हलली म्हणून असेल. नक्की नाही सांगता येत."

"बरं झालं खरं बोललीस," आजी म्हणाल्या.

दहा दिवसांनी परतलो. येताना गाडीत सहा चिवचिवाट होते आणि किशोर दर दोन तासांनी न सांगता थांबत होता.

आता दिवाळी होऊन गेली आहे. सहापैकी चार कोंबड्या निघाल्या आणि दोन कोंबडे. एक कोंबडा गोजराबाईंनी उरवडे गावात देऊन बदल्यात तिथला तांबडा कोंबडा आणला. रक्ताचा नियम त्यांनी याही वेळी पाळला. दुसरा काळा कोंबडा वेगळ्या खुराड्यात असतो आणि मागच्या महिन्यापासून आरवू लागला आहे. आधी घसा बसल्यासारखा, आता खणखणीत. वरची एक खोली रिकामी झाली. ती बघायला इंद्रजित नावाचा एक तरुण आला.

"एरिया शांत आहे ना, काका? माझी रात्रपाळी असते."

पूर्वीचा किशोर 'हो हो' म्हणाला असता. आताचा किशोर म्हणाला, "न्हाई. कोंबडे हायेत आमच्यात, दोन. पाचला आरवत्यात. चालत आसंल तर खोली बघा, न्हाईतर भूगावला लई बिल्डिंगी हायेत."

"कोंबडे हलवता नाही येणार?"

"एकदा हलवला व्हता," किशोर म्हणाला. "परत न्हाई."

तो तरुण गेला. खोली अजून रिकामी आहे.

मित्रांनो, मी फार दिवस टिकणार नाही. पीठ रोज थोडे गळते. पण तोवर माझे एक मागणे आहे. मला ओल्या जमिनीवर टाकू नका, प्लॅस्टिकने गुंडाळू नका. वारा लागेल अशा ठिकाणी टांगा. प्राणी घेऊन प्रवासाला निघालात, तर निघण्याआधी प्रत्येकाजवळ बसून त्याला काय हवे ते बघा. ज्या गोष्टीने घरात इजा होत नाही, तिनेच रस्त्यात इजा होऊ शकते. आणि अंगणात माझ्यासारखे एखादे डालगे पालथे दिसले, तर ते उचलण्याआधी खाली वाका आणि आत कोण आहे ते पाहा.